वाचनालयाचे संगणक विंडोजवरून लिनक्सवर : कामाच्या नोंदी

12 ऑक्टोबर 2025, रविवार

परवा, म्हणजे 14 तारखेला, विंडोज 10 ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबत आहेत, आणि आमच्या वाचनालयातील पाचपैकी एकही संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. त्या अटींप्रमाणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आमचे सर्वांत नवे यंत्र पाचव्या पिढीचे आहे. कार्यकारिणीच्या सभेत पाच नव्या संगणकांचा विषय निघाला आणि रकमेचा अंदाज ऐकताच मिटला. मी सहकार्यवाह या नात्याने लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या मोफत प्रणालीचा, प्रस्ताव मांडला. त्याला विरोध झाला नाही, कारण त्यात काय काय करावे लागेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आता मागे वळून पाहता मलाही नव्हते.

आज फक्त मोजदाद केली. क्रमांक 1 देवघेवीच्या टेबलावर आहे, क्रमांक 2 हा ग्रंथपाल बाईंचा लॅपटॉप, 3 आणि 4 अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांसाठी, आणि 5 हिशेबाचा. क्रमांक 5 वरील हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते आणि लेखापरीक्षकांना त्याच सॉफ्टवेअरमधील फाइल द्यावी लागते. त्यामुळे तो संगणक विंडोजवरच ठेवून त्याची इंटरनेटची तार काढून टाकायची, असे ठरवले. इतर चार लिनक्सवर न्यायचे. लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंट 22.2 निवडले, कारण त्याला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत आणि पडद्याची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे.

26 ऑक्टोबर

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. मिंटची फाइल घरून उतरवून आणली होती आणि पेन ड्राइव्हवर चढवली. क्रमांक 3 त्यावरून सुरू होताना निम्म्यात थांबे. पेन ड्राइव्ह बदलला, यूएसबीची जागा बदलली, बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) सुरक्षित बूट बंद केले. या सगळ्यात दोन तास गेले. शेवटी उतरवलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, मिंटच्या संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहिला तेव्हा तो जुळला नाही. फाइल उतरतानाच खराब झाली होती. ही पडताळणी दोन मिनिटांची असते आणि मी ती अनावश्यक समजून टाळली होती. फाइल पुन्हा उतरवल्यावर तोच पेन ड्राइव्ह पहिल्याच प्रयत्नात चालला.

डिस्कवर काहीही न बसवता चारही संगणक पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. तीन संगणकांचा आवाज, नेटवर्क आणि पडदा ठीक आहेत. लॅपटॉपचे वायफाय मात्र दिसत नव्हते, कारण त्यातील ब्रॉडकॉमच्या चिपचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि तो उतरवण्यासाठी इंटरनेटच लागते. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने चिप ओळखली आणि दहा मिनिटांत काम झाले. लॅपटॉप असलेल्यांनी मोबाइलची केबल हाताशी ठेवावी.

दस्तऐवज आणि डी ड्राइव्ह यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. देवघेवीच्या प्रोग्रामचा फोल्डर सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्समध्ये होता, तोही आठवणीने घेतला. सगळे सुरक्षित झाले, असे त्या दिवशी वहीत लिहिले आहे.

2 नोव्हेंबर

चार एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क, आणल्या, प्रत्येकी 1,750 रुपये. जुन्या हार्ड डिस्क पुसायच्या नाहीत, काढून त्यांवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची आणि कपाटात ठेवायच्या, हा निर्णय मी केवळ आळसापोटी घेतला होता. डिस्क बदलणे हे विभाजनांचा गुंता सोडवण्यापेक्षा सोपे वाटले. या संपूर्ण कामातील सर्वांत उपयोगी निर्णय तोच ठरला, ते पुढे येईलच.

क्रमांक 3 वर मिंटची सिनॅमन ही पडद्याची मांडणी बसवली. 4 जीबी मेमरीवर ती चालते, पण ब्राउझरमध्ये सहा-सात पाने उघडल्यावर संगणक अडखळू लागला. क्रमांक 4 वर तर मेमरी 2 जीबीच होती. विद्यार्थी एका संगणकावरून उठून दुसऱ्यावर बसतात, तेव्हा दोन ठिकाणी दोन मांडण्या नकोत म्हणून सगळीकडे हलकी एक्सएफसीई बसवण्याचे ठरले आणि क्रमांक 3 चे काम पुन्हा पहिल्यापासून केले. प्रत्यक्ष बसवणीला प्रत्येकी पंचवीस मिनिटेच लागतात. माझा वेळ निवड चुकल्यामुळे गेला. क्रमांक 1 आणि 4 मध्ये वापरलेल्या मेमरीची 4 जीबीची एकेक पट्टी घातली, प्रत्येकी 600 रुपये.

क्रमांक 4 वर अपडेट होईनात. कोणतेही संकेतस्थळ उघडले तरी प्रमाणपत्र वैध नसल्याची सूचना येई. मी नेटवर्कच्या मागे लागलो, राउटर बंद-चालू केला, आणि नंतर कोपऱ्यातील घड्याळाकडे लक्ष गेले तर तेथे 2013 साल होते. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला होता. सेल 40 रुपयांना मिळाला. क्रमांक 1 चाही त्याच वयाचा असल्याने तोही बदलून टाकला.

9 नोव्हेंबर

लेझर प्रिंटर. तालुक्याच्या बहुतेक झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तोच आमचाही आहे. मिंटने तो जोडताक्षणी ओळखला, यादीत नाव आले, चाचणीचे पान पाठवले, पान गेल्याची नोंदही झाली, पण प्रिंटरने कागद ओढलाच नाही आणि चूकही दाखवली नाही. दीड तासानंतर कारण सापडले. या प्रिंटरच्या पोटात त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचे राहत नाही. प्रिंटर सुरू केला की दर वेळी संगणकाने ते पाठवावे लागते. मुक्त ड्रायव्हरसोबत ते येत नाही, त्यासाठी कंपनीचे प्लगइन वेगळे उतरवावे लागते, आणि प्लगइनची आवृत्ती ड्रायव्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. प्लगइन बसवून प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर पान आले.

अभ्यासिकेच्या दोन्ही संगणकांवर पाहुण्याचे खाते सुरू केले. त्यातून बाहेर पडताच त्यात साठवलेले सर्व काही पुसले जाते, त्यामुळे एकाचे आधार कार्ड दुसऱ्याला दिसण्याची आजवरची अडचण संपली. संध्याकाळी एका विद्यार्थ्याने परीक्षेचा अर्ज भरून पावती तेथेच साठवली आणि खात्यातून बाहेर पडला. पावती संकेतस्थळावरून पुन्हा मिळाली म्हणून निभावले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवली आहे: फाइल पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

16 नोव्हेंबर

आज देवघेवीचा क्रमांक 1. येथवर चार रविवार गेले होते आणि मला काम संपत आल्यासारखे वाटत होते.

देवघेवीचा प्रोग्राम 2016 साली येथे बसवलेला आहे. तो करून देणारे गृहस्थ आता या व्यवसायात नाहीत. सगळा साठा मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या माहिती साठवण्याच्या प्रोग्रामच्या एका फाइलमध्ये आहे: सुमारे 9,400 पुस्तके आणि 640 वर्गणीदार. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमध्ये तो प्रोग्राम चालवून पाहायचा विचार होता. जुन्या 32 बिटच्या पूरक फाइली एकेक करून बसवल्यावर संध्याकाळी चारच्या सुमारास खिडकी उघडली. ग्रंथपाल बाईंना बोलावले. त्यांनी एका वर्गणीदाराचे नाव शोधले आणि म्हणाल्या, "सर, हे तर नऊ वर्षांपूर्वीचं आहे."

खरोखरच यादीत 2016 नंतरचे कोणीच नव्हते. मी प्रत घेतलेली फाइल प्रोग्राम बसवला त्या दिवशीची होती. विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याच्या जुन्या प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू दिले जात नाही. त्याने तेथे लिहायचा प्रयत्न केला की विंडोज ते लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमधील व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या जागी वळवते. प्रोग्रामला हे कळत नाही, वापरणाऱ्यालाही नाही. नऊ वर्षांचा साठा त्या लपलेल्या जागी होता आणि मी त्याच्या रिकाम्या घराची प्रत घेऊन निश्चिंत झालो होतो. प्रती घेताना ॲपडेटा घ्यावाच, आणि फाइलची शेवटची बदलाची तारीख आजची आहे का, हे पाहावे.

कपाटातील चिठ्ठी लावलेली डिस्क काढली, यूएसबीच्या तारेने जोडली. विंडोज पूर्णपणे बंद झालेले नसल्याने, म्हणजे त्याची जलद सुरुवातीची सोय चालू राहिल्याने, डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. तेवढे पुरेसे होते. फाइल मिळाली. डिस्क पुसली असती तर 9,400 पुस्तकांची नोंद दाखल-नोंदवहीवरून हाताने करावी लागली असती.

23 नोव्हेंबर

पूर्ण दिवस वाइन. प्रोग्राम उघडतो, नावे दिसतात, पुस्तक देता येते, परंतु थकबाकीदारांची यादी छापायला सांगितली की बंद पडतो. सात तासांनंतर हा मार्ग सोडला. सोडण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते: प्रोग्राम चाललाच असता तरी त्यातील मराठी मराठी नव्हतीच. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ती फॉन्टमध्ये होती. फाइलमध्ये रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली, आणि विशिष्ट फॉन्ट लावल्यावर ती देवनागरीसारखी दिसणारी. त्या फॉन्टचा कळफलक चालवणारे सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही. म्हणजे आमचा साठा विंडोजमध्ये अडकला होता असे म्हणण्यापेक्षा एका फॉन्टमध्ये अडकला होता, असे म्हणणे बरोबर ठरेल.

तोपर्यंत देवघेव कागदी कार्डांवर चालू आहे. जुन्या सभासदांना त्याचा आनंदच झाला.

30 नोव्हेंबर

एमडीबी टूल्स या छोट्या साधनाने ॲक्सेसच्या फाइलमधील तक्ते लिनक्सवरच सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलींमध्ये काढता येतात. तक्ते पाच मिनिटांत निघाले. तारखा मात्र महिना आधी आणि वर्षाचे दोनच अंक अशा निघाल्या. आमचे सर्वांत जुने वर्गणीदार 1968 सालचे आहेत, तेव्हा दोन अंक चालणार नव्हते. निर्यातीच्या आज्ञेत तारखेचा साचा स्वतः लिहून दिल्यावर ते सुधारले.

यानंतरची चूक माझी. सीएसव्ही लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातील कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये उघडताना अक्षरसंच विचारला जातो. फाइल जुन्या विंडोजची म्हणून मी पश्चिम युरोपचा संच निवडला. साधन फाइल यूटीएफ-8 या वेगळ्या अक्षरसंचात काढते, हे लक्षात घेतले नाही. परिणामी प्रत्येक खास चिन्हाची दोन किंवा तीन चिन्हे झाली, आणि त्या बिघडलेल्या चिन्हांवरून मी कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता संध्याकाळभर भरत बसलो. तो तक्ता टाकून द्यावा लागला.

7 आणि 14 डिसेंबर

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, रूपांतर. आमच्या फॉन्टसाठी तयार रूपांतरक वापरून पाहिला. तो बराच बरोबर होता, पण जोडाक्षरांत चुके आणि एका वेळी थोडाच मजकूर घेई. म्हणून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतःचा लिहिला. चिन्हामागे अक्षर ठेवत जायचे, एवढेच काम आहे असे वाटले होते.

पहिल्या फेरीत शिर्के आडनावाचे सर्व वर्गणीदार "िशकेर्" झाले. फॉन्टमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षर आणि मात्रा संपल्यानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो, म्हणून वेलांटी अक्षराच्या नंतर आणि रफार अक्षराच्या आधी न्यावा लागतो. वेलांटीसाठी पुढच्या एका व्यंजनाशी अदलाबदल करण्याचा नियम लिहिला. शिर्के सुधारले, पण स्मिता नावाच्या चौदाजणी "सि्मता" झाल्या, कारण वेलांटीला एका व्यंजनावरून नव्हे, संपूर्ण जोडाक्षरावरून उडी मारायची असते. रफाराचेही तसेच: तो मात्रा आणि अनुस्वार ओलांडून, जोडाक्षर असल्यास त्याच्याही आधी नेऊन ठेवावा लागतो. "कार्यकर्त्यांची" हा एक शब्द बरोबर उतरला की नियम पक्का झाला, असे मी धरले आणि तो आडाखा उपयोगी पडला.

यानंतर उरल्या त्या अर्ध्या अक्षरांच्या खोड्या. फॉन्टमध्ये अर्धा ग आणि उभी काठी मिळून पूर्ण ग होतो. तीच काठी पूर्ण अक्षरानंतर आली तर काना होते. टंकलेखकाने घाईत कान्याची काठी दोनदा दाबली असेल तर रूपांतरात "गाा" येते. असे 300 हून अधिक शब्द निघाले. दोन्ही रविवार आणि मधल्या आठवड्यातील चार रात्री यात गेल्या.

21 डिसेंबर

ग्रंथपाल बाईंनी नव्या यादीत "वाऱ्या" हा शब्द शोधला आणि एकही पुस्तक मिळाले नाही, जरी पडद्यावर समोरच एक शीर्षक दिसत होते. कारण मराठीचा अर्धा र. वाऱ्या, पुऱ्या, कुऱ्हाड यांतील हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: वेगळा ऱ घेऊन हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. दोन्ही दिसायला एकच, संगणकाच्या लेखी भिन्न. माझ्या पायथनने दुसरा प्रकार लिहिला होता, त्यांचा कळफलक पहिला लिहीत होता. सगळीकडे पहिला प्रकार करून टाकला. हा दोष हिंदीसाठी तयार केलेल्या सूचना वाचून कधीच सापडला नसता.

कळफलकासाठी आयबस हे लिनक्सवर वेगवेगळ्या लिपी टाइप करू देणारे साधन आणि त्यातील एम17एन हा कळफलकांचा संच बसवला. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन, गमभन असे बरेच पर्याय मिळतात. बसवल्यावर एकदा खात्यातून बाहेर पडून परत यावे लागते, नाहीतर पर्याय यादीत दिसत नाहीत. बाईंचा हात टंकलेखन यंत्रावर बसलेला असल्याने त्यांनी रेमिंग्टन घेतला. काही जोडाक्षरांच्या कळा त्यांच्या सवयीपेक्षा वेगळ्या निघाल्या. त्यांनी त्या कळांची चिठ्ठी करून पडद्याखाली लावली आणि पहिले तीन दिवस माझ्याशी अगदी मोजके बोलल्या.

4 जानेवारी 2026

कार्यालयीन पत्रे आणि अनुदानाचे अहवाल लिबरऑफिसमध्ये. युनिकोडमधील वर्ड फाइली उघडतात, पण त्यांत मंगल फॉन्ट होता, तो मायक्रोसॉफ्टचा असल्याने लिनक्समध्ये नाही, आणि त्याच्या जागी आलेल्या फॉन्टमुळे आठ पानांचा अहवाल नऊ पानांचा झाला. शिवाय लिबरऑफिस रोमन आणि देवनागरी यांचे फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवते. सेटिंगमधील जटिल लिपींचा फॉन्ट बदलल्याशिवाय नवीन कागदावर देवनागरी पुन्हा मूळच्याच फॉन्टमध्ये येत राहते. मी हे कळेपर्यंत प्रत्येक परिच्छेद निवडून फॉन्ट बदलत होतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता हा मोफत फॉन्ट चारही संगणकांवर बसवून तोच कायमचा केला. यापुढे बाहेर जाणारा प्रत्येक कागद पीडीएफ करूनच पाठवायचा, म्हणजे समोरच्याकडे कोणता फॉन्ट आहे याची काळजी नको.

जुन्या फॉन्टमधील इतिवृत्ते मात्र रूपांतरित केलेली नाहीत. आमच्याकडे परवाना असलेला तो फॉन्ट क्रमांक 5 वर आहे. तेथे उघडून त्यांचे पीडीएफ करून ठेवले. ती वाचायची आहेत, बदलायची नाहीत.

11 जानेवारी

देवघेव आजपासून कॅल्कमधील साध्या तक्त्यावर सुरू केली. ग्रंथालयांसाठी असलेले कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्सवरच चालते आणि आमचा साठा आता त्यात घालण्याजोगा झाला आहे. परंतु त्याची मांडणी, कर्मचाऱ्यांचे शिक्षण आणि रोजच्या प्रती यांची जबाबदारी कोण घेणार हे ठरेपर्यंत मी ते सुरू करणार नाही. वाइनमधील दिवसाचा धडा ताजा आहे.

खर्च: चार एसएसडी 7,000, मेमरीच्या दोन पट्ट्या 1,200, पेन ड्राइव्ह 380, दोन सेल 80, एकूण 8,660 रुपये. कार्यकारिणीने विचारलेला वेळेचा हिशेबही वहीवरून काढला. चार संगणकांवर लिनक्स बसवणे, प्रिंटर आणि वायफाय मिळून सुमारे चौदा तास. जुन्या फॉन्टमधून मराठी बाहेर काढण्यास साठाहून अधिक तास. वाइनचे दोन रविवार यात धरलेले नाहीत.

तक्त्यात अजून 112 शीर्षके संशयास्पद आहेत, ती पिवळ्या रंगाने दाखवली आहेत. ग्रंथपाल बाई रोज दुपारी वर्दळ कमी असताना दाखल-नोंदवही उघडतात आणि दहा-बारा नोंदी ताडून पिवळा रंग काढतात. काल त्यांना एक शीर्षक असे सापडले की जे रूपांतराने बिघडलेले नव्हते. ते 2016 मध्येच चुकीचे टाइप झाले होते.